सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी खुर्ची घेऊन उभी

(पत्र मोठं होतं, थोडं आटपून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

"ताई, मी ओहायोत राहते, वय ४१, आयटीत आहे. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमांना जावंसं वाटत नाही. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, तोंडावर कोणी काही बोललं नाही पण बंद झाली. ऑफिसमधली एक मैत्रीण पेगन आहे, म्हणजे निसर्गाला आणि जुन्या देवदेवतांना मानणारी, तिच्याबरोबर २०२४ च्या जूनमध्ये एका पेगन कॅम्पला गेले, मंगळवार ते रविवार. गेटवर 'वेलकम होम' म्हणाले तेव्हा मला रडूच आलं. पण नंतर तीन दिवस मी कोणाचीच नव्हते. मैत्रीण तिच्या जुन्या लोकांत, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतायत आणि मी फोल्डिंगची खुर्ची हातात घेऊन कुठे ठेवू म्हणून उभी. जे बोलायला यायचे ते कालीबद्दल विचारायचे. शुक्रवारी सकाळी उठले, चहा केला, व्हॉट्सॲप बघितलं, आणि तंबू आवरून सरळ घरी आले. आता मैत्रीण परत विचारतेय. जावं का? मी हे मंत्रतंत्र मानत नाही, देव मानते की नाही तेच कळत नाही, मग मला तिथे जायचा हक्क तरी आहे का? आणि आईला काय सांगू? – वर्तुळाबाहेरची"

अगं,

जा. उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. जा, पण मागच्यासारखी पाहुणी म्हणून जाऊ नकोस. आणि मागच्या वेळी नेमकं काय झालं ते निघायच्या आधी एकदा नीट बघ, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे जी तू लिहिलीयस पण बहुतेक तुझ्या लक्षात आलेली नाही, त्याच्यावर मी शेवटी येते.

मी या कॅम्पांना पाच-सहा वेळा गेलेय. मी पेगन नाही, घरी देव्हारा आहे, गणपती बसतो. शेजारीण घेऊन गेली म्हणून पहिल्यांदा गेले आणि पहिले दोन दिवस माझीही अगदी तुझ्यासारखीच गत झाली होती, म्हणून हे जरा हक्काने लिहितेय.

आधी ते गळ्यात पडणं. तुला वाटलं की हे सगळे जुने दोस्त, रोज भेटणारे, यांच्यात मी कुठून शिरू. पण खरं असं आहे की त्यातले बरेचसे लोक एकमेकांना वर्षातून तेवढाच एक आठवडा भेटतात. पेगन लोकांना गावोगावी देऊळ नसतं, चर्च नसतं. पुष्कळ जण एकटेच असतात, त्यांच्यात त्याला सॉलिटरी म्हणतात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या एका फळीवर मेणबत्ती, दोन दगड, एक मूर्ती, एवढंच त्यांचं देऊळ, आणि घरच्यांना माहीत असतंच असंही नाही. कोव्हन, म्हणजे एकत्र विधी करणाऱ्यांचा गट, असलाच तर तो दहा-बारा जणांचा. अमेरिकेत हे मोकळ्या रानातले कॅम्प १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले, पेगन स्पिरिट गॅदरिंग १९८० ला विस्कॉन्सिनमध्ये, स्टारवुड १९८१ ला, आणि तोपर्यंत एका कोव्हनला दुसऱ्याची फारशी खबर नसायची. कॅम्प म्हणजे त्यांचं गाव आहे गं, सात दिवस वसतं आणि उठतं. वर्षभर गप्प बसलेली माणसं तिथे येऊन मोठ्याने बोलतात, तर ती पहिले दोन दिवस एकमेकांच्या गळ्यात पडणारच. तू ते बघून मागे सरलीस, पण त्यात तुला बाहेर ठेवायचं कोणाच्या मनात नव्हतं, तुझ्याकडे बघायलाच त्यांना फुरसत नव्हती.

आणि ते 'वेलकम होम'. ती रीत आहे त्यांची, गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात. पण रीत आहे म्हणून खोटी नाही. तू रडलीस, तुझ्या पुढच्या गाडीतला पण रडला असेल. २००५ मध्ये अफगाणिस्तानात एक विकन सैनिक, म्हणजे विक्का हा पेगन पंथ मानणारा, मारला गेला, त्याच्या स्मृतिफलकावर पेंटॅकल हवं होतं, वर्तुळातला पाच टोकांचा तारा, पण सरकारी यादीत ते चिन्हच नव्हतं. क्रॉस होता, चंद्रकोर होती, नास्तिकांचंसुद्धा चिन्ह होतं, यांचं नव्हतं. त्याच्या बायकोला आणि इतरांना खटला भरावा लागला तेव्हा एप्रिल २००७ मध्ये ते मान्य झालं. अशा लोकांना गेटवर कोणीतरी घरी आलास म्हणतं त्याची किंमत मोठी असते. तुला ज्या घरातून हळूच बाहेर काढलंय त्या घराची आठवण त्या दोन शब्दांनी झाली असणार. पण गेटवर घर म्हटलं की लगेच आत आपला पाट मांडलेला असेल असं तुला वाटलं, आणि तिथे पाट आपला आपण मांडावा लागतो.

तो कसा मांडायचा ते सांगते, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

वर्कशिफ्ट घे. बऱ्याच कॅम्पांमध्ये प्रत्येकाला थोडं काम करावंच लागतं, दोन-चार तास. तू मागच्या वेळी काय केलंस ते लिहिलं नाहीस, बहुधा पार्किंग किंवा गेटवर रिस्टबँड बांधायचं दिलं असेल, नवीन माणसाला तेच देतात. ते नको घेऊस. तिथे शंभर माणसं अर्ध्या मिनिटासाठी भेटतात आणि एकही लक्षात राहत नाही. जिथे तीच चार माणसं रोज भेटतात ते काम माग. स्वयंसेवकांचं स्वयंपाकघर, फर्स्ट एडचा तंबू, पाण्याचे कॅन भरणं, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे शेकोटी.

शेकोटीचं सांगते. पहिल्या दिवशी विधीने जाळ पेटवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत तो विझू द्यायचा नसतो, दिवस असो रात्र असो पाऊस असो. म्हणजे पहाटे तीनला पण कोणीतरी तिथे बसलेलं लागतं. मला पहिल्या वर्षी रात्री दोन ते चारची पाळी मिळाली कारण ती कोणालाच नको होती. माझ्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर ट्रक चालवलेले, दाढी पोटापर्यंत, पहिला अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. मी एक ओंडका उभा ठेवायला गेले तर म्हणाले उभा नको, आडवा ठेव, खालून हवा जाऊ दे. मग मी आडवा ठेवला. मग त्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, मी माझा सांगितला, मग मुलं, मग त्यांची वारलेली बायको, मग माझी आई. चार वाजता पुढची पाळी आली, आम्ही उठलो, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत ते लांबून माझं नाव घेऊन ओरडले, इकडे खुर्ची आण म्हणून. बस्. त्यानंतर मला कधी खुर्ची कुठे ठेवू हा प्रश्न पडला नाही. त्या आठवड्यात मी मोठमोठे रिच्युअल बघितले, हातात मेणबत्त्या घेऊन चक्रव्यूहासारख्या वाटेने चालले, सुंदर होतं ते सगळं, पण माणूस मिळाला तो ओंडक्यावरून.

आपल्याकडे ज्यांनी दिंडीत पायी वारी केलीय त्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे ओळख वाढते ती टाळ धरून नाही तर तंबूचा दोर ओढताना आणि भाकरीच्या रांगेत. फक्त एक कर, हे तिथे कोणाला सांगत बसू नकोस. "आमच्याकडे पण असंच असतं" हे वाक्य मी पहिल्या वर्षी इतक्यांदा म्हटलं की शेजारणीने एकदा शांतपणे सांगितलं, तू आमचं ऐकायच्या आधीच तुमचं सांगतेस. ते मला लागलं, पण खरं होतं.

तंबू मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये नको लावूस. तिला आधी सांग म्हणजे तिला वाईट वाटणार नाही, पण तिच्याजवळ राहिलीस तर तू आठवडाभर 'हिची मैत्रीण' एवढीच राहशील. मोठ्या कॅम्पांत वस्त्या असतात, मुलंबाळंवाल्यांची वेगळी, शांतता हवी असणाऱ्यांची वेगळी, दारू सोडलेल्यांची वेगळी, रात्रभर ड्रम वाजवणाऱ्यांजवळची वेगळी. तू शांत वस्तीत जा, तिथे एकटे आलेले जास्त असतात. पहिल्या दिवशी दुपारच्या आत पोच, कारण उशिरा येणाऱ्याला मदत करणारा सगळ्यांना ओळखीचा होतो. जास्तीच्या मेखा घे, एक मोठी ताडपत्री घे आणि चांगला हातोडा घे. जूनमध्ये त्या भागात वादळ येतं म्हणजे येतंच, आणि मध्यरात्री दोन तंबू उडाले की ज्याच्याकडे मेखा आहेत त्याच्याकडे सगळे येतात. झोपताना गोचीड बघ, पायाच्या बोटांमध्ये पण.

आणि भाजणी घेऊन जा. मी हे अगदी मनापासून सांगतेय. भाजणीला फ्रीज लागत नाही, बर्फ लागत नाही, कांदा तिखट मीठ आणि पाणी एवढंच, आणि बिडाच्या तव्यावर निखाऱ्यांवर लावलेलं थालीपीठ गॅसवर कधी होणार नाही इतकं खमंग होतं. रोज सकाळी दोन जास्तीची लाव. कोणाला बोलवू नकोस, वास बोलावतो. फक्त त्यात गहू आहे, ज्वारी आहे, काय काय आहे ते आधी सांग, तिथे ग्लुटेन न चालणारे पुष्कळ असतात.

आता काली. हे तुला खूप टोचलंय, कळलं. तिथे कालीची पूजा करणारे गोरे लोक भेटतात, काही जण अगदी मनापासून करतात, काही जणांनी दोन पुस्तकं वाचलेली असतात. पण तू तिथे भारताची वकील म्हणून गेलेली नाहीस. तुझ्या घरात काली होती तरी का? मराठी घरांत बहुतेक तुळजापूरची भवानी असते, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी. कोणी विचारलं तर सरळ सांग, कालीचं मला फारसं माहीत नाही, माझ्या आजीची देवी दुसरी होती, आणि मग आजी काय करायची ते सांग, घट कसे बसवायची, गोंधळी आले की संबळ कसं वाजायचं, सांगायचं असेल तर. नसेल सांगायचं तर 'आज नको' एवढं पुरतं. तिथले जाणते लोक 'नको' या शब्दाचा मान ठेवतात, हा माझा अनुभव आहे. आणि मग उलट विचार, तू इथे कशी आलीस, आधी कुठल्या चर्चमध्ये होतीस. या एका प्रश्नावर रात्र निघते, कारण तिथले बहुतेक जण दुसऱ्या धर्मात वाढलेले असतात.

त्यातच तुझ्या हक्काच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जन्माने पेगन असलेले आता दिसायला लागलेत, कॅम्पात वाढलेली पोरं, पण अजून थोडी आहेत. बाकी प्रत्येक जण कधी ना कधी नवीनच होता. ही परंपरा हजारो वर्षांची अखंड आहे असं कोणी म्हणालं तर मान डोलाव, वाद घालू नकोस, पण खरं असं की विक्का आज जशी आहे तशी विसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली. तिकडचा चेटुकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहिलं आणि तिथून ते पसरलं. जुने धागे त्यात आहेत, देवता जुन्या आहेत, सूर्याचं दक्षिणायन तर माणसाच्या आधीपासूनचं आहे, पण विणलंय ते अलीकडे. मला त्यात कमीपणा दिसत नाही. उलट मला ते फार धीराचं वाटतं, की तुटलेलं होतं ते माणसांनी स्वतः बसून परत विणलं. आणि ते सगळे एकाच पंथाचे पण नाहीत, कोणी विकन, कोणी ड्रुइड, कोणी ओडिन-थॉरला मानणारे हीदन, कोणी ग्रीक देवांचे, आणि कोणी कशालाच न मानणारे पण झाडाखाली डोकं शांत होतं म्हणून येणारे. मी या शेवटच्या गटाच्या जवळची. मंत्राने कोणाचं भलं-बुरं होतं यावर माझा विश्वास नाही आणि तो नाही म्हणून मला कोणी उठवलं नाही.

विश्वास विचारत नाहीत, वागणं मात्र बघतात. जाळाभोवती नाचायचं ते घड्याळाच्या दिशेने. वर्तुळ बांधून विधी चालू असेल तर मधेच उठून चालू लागायचं नाही, जवळच्याला हळूच सांगायचं, तो वाट उघडून देतो. जाळात सिगरेटचं थोटूक किंवा कागदाचा कप टाकायचा नाही. कोणाच्या वेदीवरच्या वस्तूला, ड्रमला, विचारल्याशिवाय हात नाही. फोटो तर अजिबात नाही, कारण तिथे शिक्षक असतात, नर्स असतात, मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात भांडणारे आईबाप असतात, एका फोटोने त्यांचं काहीही होऊ शकतं. काही ठिकाणी लोक कपड्यांशिवाय पण फिरतात, तू बघितलंच असशील, त्याची सवय दोन दिवसांत होते आणि तुला कपडे काढायला कोणी सांगत नाही. मिठीच्या आधी विचारायची पद्धत आहे, तू पण विचार, तुला नको असेल तर हात जोड. आणि कोणी तुला म्हणालं की तुझ्यावर काहीतरी आहे, पैसे दे मी काढतो, किंवा विधीच्या नावाखाली अंगाशी आलं, तर क्षणभर थांबायचं नाही, सरळ सुरक्षेवाल्यांच्या तंबूत जायचं. अशी माणसं थोडी असतात पण असतात, जशी आपल्याकडे आहेत.

आईला. आईला 'विच' हा शब्द फोनवर सांगू नकोस. तिथे बायका तो शब्द मान वर करून वापरतात, त्यामागे त्यांचं कारण आहे. पण तुझ्या आईला त्या शब्दाने चेटकीण ऐकू येणार, आणि आपल्याकडे त्या शब्दाला रक्त लागलंय, डाकीण ठरवून बायकांना मारलंय, २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. ती घाबरेल आणि तिचं घाबरणं चूक नसेल. तिला सांग, निसर्गाची पूजा करणाऱ्या लोकांचं शिबिर आहे, रानात तंबूत राहतो, अखंड शेकोटी असते, सगळे मिळून कामं करतात. यातलं काहीच खोटं नाही. बाकीचं पुढच्या भारतवारीत, समोर बसून, भाजी निवडताना.

आता ती राहिलेली गोष्ट.

तू लिहिलंयस शुक्रवारी सकाळी उठले, व्हॉट्सॲप बघितलं आणि तंबू आवरला. मी कॅलेंडर काढून बघितलं. २०२४ च्या जूनमध्ये सॉल्स्टिस, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, २० तारखेला होता, गुरुवारी, आणि तुझा कॅम्प त्याच आठवड्यातला असणार. आणि शुक्रवार, २१ जून, त्या दिवशी वटपौर्णिमा होती. तुझी सकाळ म्हणजे भारतातली संध्याकाळ, तोपर्यंत घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर हिरव्या साड्या, नथी, वडाला गुंडाळलेला दोरा, सगळे फोटो येऊन पडलेले असणार. मी चुकत असेन तर सांग. पण मला नाही वाटत की तू त्या सकाळी पेगन लोकांमुळे उठून गेलीस. तीन दिवस एकटेपणा काढलास तू, काढला असतास अजून दोन. ज्या वर्तुळातून तुला काही न बोलता बाहेर ठेवलं त्या वर्तुळाचे फोटो हातातल्या फोनमध्ये आले आणि समोर दुसरं वर्तुळ, त्यात पण तू नाहीस. कोणाचाही धीर सुटेल गं.

त्या बायकांचं चुकलं. हे मी स्पष्ट लिहितेय कारण तुला ते बहुतेक कोणी म्हटलेलं नाही. नवरा नाही म्हणून बाईचं कुंकू काढून घ्यायचं हे माझ्या आजीच्या वेळी पण चूक होतं आणि ओहायोत एसी हॉलमध्ये बसून करणं तर जास्तच चूक आहे, आणि हे वाचणाऱ्यांमध्ये मंडळाच्या कमिटीवर कोणी असेल तर या संक्रांतीला यादी काढून बघा कोणाची नावं गळलीयत. पण तू कॅम्पला त्यांना दाखवायला म्हणून जाऊ नकोस, आणि त्यांच्या जागी नवीन घर मिळेल या हिशोबाने पण नको. शेकोटीवाल्या म्हाताऱ्याने मला मंडळ विसरायला लावलं नाही, त्याचं ते काम नव्हतं. त्याने मला ओंडका आडवा ठेवायला शिकवलं.

फोन गाडीत ठेव. मैत्रिणीचा नंबर आईला देऊन ठेव म्हणजे तुला काळजी नाही. शेकोटीच्या पाळ्यांची यादी लवकर भरते, म्हणून नाव नोंदवतानाच मेल टाक, रात्री उशिराची द्या म्हणून, सहसा मिळते. पहिल्यांदा असेल तर कोणीतरी जाणतं बरोबर देतात. बॅगेत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट टाक, नायलॉनचा नको, ठिणगीने भोकं पडतात. कुठली पाळी मिळाली ते मला कळव, आणि भाजणी घरची हवी असेल तर पत्ता पाठव, मी एप्रिलमध्ये करणारच आहे.

– ताई